तुझ्या नावाचं छत

फेलिक्स, तुझ्या नावाने छत बांधताहेत.

काचेचं छत, पोलादी सांगाड्यावर. आणि तेही बेटावरच्या विधानभवनाच्या त्या मधल्या चौकावर, जो उघडा राहावा म्हणून तू दहा-बारा वर्षं घसा कोरडा केलास. खाली फरशीत काळ्या दगडाची पाटी बसवणार आहेत आणि तिच्यावर तुझं नाव कोरणार आहेत. तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की म्हणे डोळे भरून येतात. माझे आले नाहीत. मी रागाने लिहितेय, आणि राग ओसरायच्या आत मला हे लिहून संपवायचंय.

शनिवारी तुझी शोकसभा झाली. इथे कॅनडात, एटोबिकोच्या त्याच हॉलमध्ये, जिथे दर संक्रांतीला आपण सगळे आधी पार्किंगवरून भांडायचो आणि मग तिळगूळ वाटायचो. बाहेर बर्फ, दाराशी बुटांचा ढीग, स्टेजवर तुझा फोटो. फोटोला चंदनाचा हार घातला होता, समोर समई लावली होती. तुझ्या बायकोने, फिलोमिनाने, ते चालवून घेतलं, कारण करणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मग सूत्रसंचालक माइक हातात घेऊन म्हणाला, "फेलिक्सजी ख्रिश्चन असूनही इतकं सुंदर मराठी बोलायचे, की आपल्याला लाज वाटावी."

असूनही! तुझा पणजोबा वसईच्या वाडीत केळींना पाणी घालताना मराठीतच शिव्या देत असेल. तुमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत, तुझ्या आईचं अंगाईगीत मराठीत, आणि तुला मात्र जन्मभर स्वतःच्या मातृभाषेबद्दल पाठीवर शाबासकी घ्यावी लागली. तू हसून म्हणायचास, "थँक यू, तुमचंही बरं आहे हं मराठी." समोरच्याला ते कळायला गाडीपर्यंत जावं लागायचं. शनिवारी ते उत्तर द्यायला तू नव्हतास, आणि मला तुझ्यासारखं गोड बोलून चिमटा काढता येत नाही. मी तिसऱ्या रांगेत दात आवळून बसले.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी घरी जाऊन चार भांडी आपटून गप्प झाले असते. पण मग आपला साहेब, ग्रेग, बोलायला उठला. काळा सूट, हातात कागद नाही, म्हणजे मनापासून बोलतोय असं दिसावं. "फेलिक्स वॉज द कॉन्शन्स ऑफ धिस प्रोजेक्ट," तो म्हणाला. मग तुझ्या फोटोकडे वळला. "अँड इन द एंड, ही केम अराउंड."

शेवटी तुला पटलं होतं म्हणे! आजारपणात तुमचं दोघांचं बोलणं झालं, चौकावर छत हवंच हे तू मान्य केलंस, आणि म्हणून कंपनी बेटाच्या सरकारला सुचवते आहे की छताला तुझं नाव द्यावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! फिलोमिना शेजारी बसली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिने माझा हात दाबला. नाहीतर मी तिथेच उभी राहून बोंब मारली असती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. सूट घालून खाताना मात्र परवा पहिल्यांदाच पाहिलं.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना आपलं बेट ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. पॅसिफिकच्या मधोमध एक बेट आहे. आपण त्याचं नाव घेत नसू, ऑफिसात नुसतं 'बेट' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. तिथलं विधानभवन काँक्रीटचं, आपल्या जन्माच्या आसपासचं. त्या काळी सगळ्या जगाला सरळ रेषांचं आणि उघड्या काँक्रीटचं वेड होतं, पण त्या वेडात एवढं शहाणपण फार कमी जणांनी दाखवलं. दोन बाजूंना दोन सभागृहं आणि मधे चौक. चौकाला दार नाही, भिंत नाही, छत नाही. उंच उंच खांब आणि वर आकाश. रस्त्यावरून चालत आलेला माणूस कुणालाही न विचारता थेट राज्याच्या पोटात जाऊन उभा राहतो. आणि समुद्र जवळ, त्यामुळे खारा वारा त्या खांबांना रात्रंदिवस चाटतो. मीठ आत शिरतं, आतल्या सळ्या गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. ते दुरुस्त करायला कंपनीने दोन इंजिनिअर पाठवले. एक वसईचा, समुद्राकाठी वाढलेला. एक नागपूरची, जिने कॉलेजच्या ट्रिपपर्यंत समुद्र पाहिला नव्हता.

"समुद्र न बघितलेल्या बाईने मिठाबद्दल बोलू नये," हे तू मला विमानातच ऐकवलं होतंस.

पहिल्या दिवशी आपण चौकात पोचलो आणि सर आली. मी बॅग डोक्यावर धरून आडोशाला पळाले. तू तिथेच उभा राहिलास, वर तोंड करून, चष्म्यावरून पाणी ओघळतंय, टाय भिजतोय. पायरीवर एक जाडजूड म्हातारी डब्यातून भात आणि मासे खात बसली होती, तीही हलली नाही. तू तिला विचारलंस, इथे बसून जेवलेलं चालतं का? तिने तुझ्याकडे असं पाहिलं की जणू तूच मतिमंद. "मग हे घर कुणाचं आहे असं तुला वाटलं?" ती म्हणाली. तू दिवसभर ते वाक्य घोळवत होतास. रात्री जेवताना फिलोमिनाला फोनवर सांगितलंस, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सांगितलंस, आणि मला तर पुढे वर्षानुवर्षं.

माझं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं आणि आजही तेच आहे. पाणी आणि मीठ एकत्र आलं की लोखंड मरतं. पाणी बंद करा. चौकावर काच घाला, खांबांना लेप द्या, आत पंखे लावून हवा खेळती ठेवा. इमारत आणखी दोन पिढ्या टिकेल. टिकली तर लोक येऊन बसतील ना? पडलेल्या घरात कुठली म्हातारी भात खाणार?

तुझं म्हणणं असं, की पाऊसच त्या खांबांना वाचवतोय. वारा मीठ आणून टाकतो आणि पाऊस ते धुऊन नेतो. छत घातलंत की मीठ यायचं तेवढं येतच राहणार, धुवायला मात्र कुणी नाही. मी म्हणायचे, म्हणून तर लेप आणि पंखे. तू म्हणायचास, "दहा वर्षांनी सरकारला पैशाची चणचण आली की पहिल्यांदा काय बंद होईल? पंखे. पावसाला बजेट लागत नाही, शैला." मी म्हणायचे, आणि दर थोड्या वर्षांनी खांबांभोवती परांची बांधून डागडुजी करायची, त्याला बजेट लागत नाही वाटतं? तू म्हणायचास, "आमच्याकडे होडी दर वर्षी वाळूवर ओढतात, खरवडतात, तेल पाजतात. म्हणून काय होडी वाईट? तिच्यावर कुणी काच घालतं का?" इथवर आलं की मला कळायचं, आता इंजिनिअरिंग संपलं. त्यानंतर तू हमखास टेबलावर हात आपटून म्हणायचास, "आणि पाऊस पडला की आमदारांचेही बूट भिजले पाहिजेत!"

बूट! पस्तीस वर्षं काँक्रीटमध्ये घालवलेला माणूस बुटांवर यायचा.

पण आपण भांडायचो ते रीत सांभाळून. ती रीत तुझ्या वडिलांची. वाडीत विहिरीच्या पाण्यावरून दोन घरं भांडली की लोक त्यांच्याकडे यायचे, आणि ते एकच अट घालायचे. आधी समोरच्याची तक्रार तू सांग. तो 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणाला, तरच तुझी तक्रार ऐकू. तू ही अट लंचरूममध्ये आणलीस. डबे उघडायचे, मी तुझी बाजू मांडायची, तू डोळे मिटून वसईची वाळवलेली सुकेळी चघळत ऐकायचास, आणि मधेच बोट वर करायचास, "नाही, असं नाही म्हटलं मी. परत." परत म्हणायचं! कितीदा माझा जेवणाचा अर्धा तास तुझी बाजू नीट सांगण्यातच संपला आणि माझी तशीच राहिली. नवी पोरं आपल्याकडे बघून हसायची. त्यांना वाटायचं, हे म्हातारे नवरा-बायकोसारखे भांडतात. नवरा-बायको इतक्या सभ्यपणे भांडत नाहीत, हे त्यांना लग्नानंतर कळेल.

आणि एक गोष्ट मी कबूल करते, कारण ती खरी आहे. बाहेर कुणी माझ्यावर चढून आलं की तू मधे उभा राहायचास. बेटाच्या त्या सल्लागाराने भर मीटिंगमध्ये माझी आकडेमोड हसण्यावारी नेली होती. तू, ज्याला ती आकडेमोड हाणून पाडायला मिळाली तर दिवाळीच होती, शांतपणे म्हणालास, "शैलाचं गणित बरोबर आहे. निष्कर्ष चुकीचा आहे, पण तो चुकीचा म्हणायचा हक्क आधी गणित समजून घेणाऱ्याला." त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी थँक यू म्हणाले तर तू म्हणालास, "माझी विरोधक आहेस. तुला दुसऱ्या कुणी हरवलं तर माझा अपमान." कॅनडात येऊन मला मैत्रिणी पुष्कळ मिळाल्या. असा विरोधक एकच मिळाला.

म्हणून तुझ्यावरही चिडलेय मी, समजलं? पोटात दुखतंय, पोटात दुखतंय म्हणत अख्खा उन्हाळा काढलास. ॲसिडिटी आहे म्हणे. डॉक्टरची अपॉइंटमेंट एकदा पुढे ढकललीस, मग पुन्हा ढकललीस, कारण बेटावर खांबांचे नमुने काढायला तुलाच जायचं होतं. खांबाच्या पोटात ड्रिल घालून नमुना काढलास, स्वतःच्या पोटाचं मात्र कुणाला बघू दिलं नाहीस. निदान झालं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. लोक आता म्हणतात, काय निष्ठा! निष्ठा कसली डोंबलाची. गाढवपणा होता तो, आणि तू जिवंत असतास तर तोंडावर म्हटलं असतं.

शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, मी हॉस्पिटलमध्ये आले. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड तुझ्या चादरीवर पडला होता. तू इतका वाळला होतास की मला आधी कळेचना, हात कुठे धरावा. मी हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागले. विंटर टायर्स बदलले का, रस्ता खराब आहे का. तू वैतागून मान हलवलीस.

"ते सोड. तुझ्या पंख्यांवर एक जबरदस्त मुद्दा सापडलाय मला."

"सांग की मग."

"आज दम लागतोय. शुक्रवारी ये. नीट सांगतो, नाहीतर तू म्हणशील अर्धवट सांगितला."

गुरुवारी तू गेलास.

काय होता तो मुद्दा? मी फिलोमिनाला विचारलं, तिला माहीत नाही. मी स्वतः रात्रंदिवस डोकं खाजवतेय. पंख्यांच्या बेअरिंगचा? आवाजाचा? बेटावरच्या विजेचा? प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, त्यामुळे त्यातला कुठलाच नसणार. दोन वाक्यं, फेलिक्स. दम लागत होता तर दोन वाक्यांत सांगायचं होतंस, मी अर्धवट म्हटलं नसतं.

पण एवढं मला पक्कं ठाऊक आहे. मंगळवारी दुपारी छताविरुद्ध नवा मुद्दा शोधणारा माणूस बुधवारी 'केम अराउंड' होत नाही.

सोमवारी ग्रेगने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, कॉफी पुढे केली. बेटाच्या समितीची व्हिडिओवर सुनावणी होती, त्या आठवड्यातच. तिथले बरेच लोक तुझ्यामुळे छताच्या विरोधात होते. तुझ्यावर त्यांचा विश्वास होता. आता तू नाहीस, तर माझ्याइतकं तुझ्या जवळचं कोण? मी सांगितलं तर ते ऐकतील, असं त्याचं म्हणणं.

"तुम्हाला माझं मत हवंय ना? ते मी सांगेनच," मी म्हणाले. "मी छताच्या बाजूची आहे, सगळ्यांना माहीत आहे."

"दॅट्स ग्रेट. पण जस्ट टेल देम ही केम अराउंड. इट विल मीन अ लॉट टू द फॅमिली." मग हळूच, "शैला, यू वॉन. यू शुड बी हॅपी."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी जिंकले? कुणाशी? कुस्तीच्या आखाड्यात समोरचा पहिलवान मेला म्हणून कुणी पागोटं उडवतं का? मला जिंकायचं होतंच. पण तुझ्या समोर, तू सगळे मुद्दे टाकून संपल्यावर, तुझ्या तोंडून 'बरं बाई, घाल तुझी काच' ऐकून. ते वाक्य ग्रेगने फुकटात तुझ्या तोंडात घातलं, आणि आता त्यावर मी शिक्का मारायचा.

आणि तरी मी त्याला तिथल्या तिथे नाही म्हणाले नाही, कारण मला फिलोमिनाचं ते हसू दिसत होतं. म्हणून आधी तुझ्या घरी गेले.

तुझ्या ड्राइव्हवेवर बर्फ तसाच होता, लिसा शोव्हलने तो उपसत होती. मला बघून ती म्हणाली, "आँटी, डिड यू हिअर? दे आर नेमिंग इट आफ्टर डॅड. इट्स काइंड ऑफ अ बिग डील." तिच्या डोळ्यांत तुझा अभिमान असा भरून होता की मी तिच्याकडे न बघताच आत गेले. आत फिलोमिनाने चहा टाकला. तुझ्या खुर्चीवर तुझा स्वेटर अजून तसाच. मी कोट न काढताच बोलून टाकलं. ग्रेग खोटं बोलतोय. फेलिक्सला पटलं नव्हतं. त्या छताला त्याचं नाव देणं म्हणजे शाकाहारी माणसाच्या नावाने खाटिकखाना काढणं आहे.

फिलोमिना चहा गाळत होती. तिने गाळून पूर्ण केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मला काय ते माहीत नाही? रोज जेवताना मीच ऐकलंय सगळं. खांब, मीठ, पाऊस. मुलीच्या बर्थडेलासुद्धा."

"मग तू हसलीस कशाला गं तेव्हा?"

"नाव राहील म्हणून." मग एकदम तिचा आवाज फाटला. "आणि तो चिडेल म्हणून! लावू दे ना पाटी. त्या पाटीवर त्याचं नाव बघून तो एवढा चिडेल, एवढा चिडेल... चिडून तरी येईल. घरात कुणी चिडत नाही आता, शैला. लिसा आणि मी एकमेकींशी इतकं गोड बोलतो की नको वाटतं."

ती रडली, आणि तेव्हा मीही रडले. आम्ही दोघी तुझ्या नावाने बोटं मोडत रडलो. लिसा दारात शोव्हल घेऊन उभी, तिला काय करावं कळेना, मग तीही येऊन बसली. बऱ्याच वेळाने फिलोमिनाने नाक पुसलं.

"पाटीचं तू ठरव," ती म्हणाली. "पण त्याने होकाराची मान हलवली असं नको सांगू. संसारात माझ्यापुढे कधी एकदा मान हलवली नाही त्याने. तुझ्यापुढे हलवली म्हणून सांगितलंस तर मी तुला घरात घेणार नाही."

सुनावणीला बेटावर सकाळ होती, आपल्याकडे दुपार. कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या पडद्यावर त्यांची समिती, इकडे ग्रेग, मी आणि आपल्याकडे नवीनच लागलेला तो इंजिनिअर, नील. सगळं इंग्रजीत झालं, तुला मराठीत सांगते. ग्रेगने माझी ओळख करून दिली, दिवंगत फेलिक्सची सर्वांत जवळची सहकारी म्हणून. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, तुला ओळखणाऱ्या. त्यांनी आधी तुझ्याबद्दल दोन शब्द सांगितले आणि मग विचारलं, त्यांचं मत शेवटी बदललं होतं असं आम्हाला कळवण्यात आलंय, ते खरं का?

ग्रेग माझ्याकडे बघून हसला, धीर दिल्यासारखा.

मी म्हणाले, "मी छताच्या बाजूची आहे. फेलिक्स विरोधात होता. तो वारलाय. त्याने मत बदललेलं नाही."

पलीकडे कुणीतरी खोकलं. ग्रेगचं हसू जागच्या जागी थिजलं. अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "मग त्यांचं म्हणणं काय आहे?" त्यांनी विचारलं. काय होतं असं नाही विचारलं, काय आहे असं विचारलं. मला ती बाई तेवढ्यासाठी कायमची आवडली.

आणि मी तुझी बाजू मांडली, जशी लंचरूममध्ये मांडायचे तशी, तू 'हो, हेच' म्हणशील अशी. वारा आणतो, पाऊस नेतो. आडोशाच्या बाजूला खांब जास्त सडलेत आणि उघड्या बाजूला कमी, हे तू काढलेल्या नमुन्यांतून दिसतं. पंखे बंद पडतील, पावसाला बजेट लागत नाही. त्यावर तिकडे हशा पिकला, कारण ते लोक स्वतःचं सरकार ओळखतात. होडीचंही सांगितलं. आणि बूटही सांगितले, फेलिक्स. जन्मात पहिल्यांदा मी ते वाक्य हसल्याशिवाय बोलले. समितीतले दोघं-तिघं नकळत टेबलाखाली पायांकडे बघायला लागले. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, शिवाय त्याच्याकडे आणखी एक मुद्दा होता, जबरदस्त होता असं तो म्हणाला, पण तो सांगायला त्याला वेळ मिळाला नाही, आणि मला तो अजून सापडलेला नाही.

मग माझी बाजू मांडायची होती. ती मी मांडली. सगळी मांडली, एकही आकडा गाळला नाही. पण समोर बोट वर करून 'परत' म्हणणारा कुणी नव्हता. खरं सांगायचं तर कंटाळवाणी झाली.

समितीने पाटीचा प्रस्ताव तिथल्या तिथे बाजूला ठेवला. छताचं ठरवायला एप्रिलमध्ये चौकातच जाहीर सभा घ्यायची, कुणीही यावं, दोन्ही बाजू ऐकाव्यात, असं ठरलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, छताच्या बाजूने कोण बोलेल? ग्रेग घाईघाईने म्हणाला, कंपनीतर्फे नील बोलेल. आणि फेलिक्सच्या बाजूने?

कुणी बोललं नाही. तिकडेही नाही. त्यांना सगळ्यांना तुझं म्हणणं आवडतं, पण ते मांडता कुणालाच येत नाही. मी हात वर केला.

पडदा बंद झाल्यावर ग्रेग मला एवढंच म्हणाला, "मग तू कंपनीतर्फे जात नाहीस, रजा टाकून जा, आणि परत आल्यावर आपल्याला बोलावं लागेल." बोलू की. नील बिचारा माझ्या स्लाइड्स मागायला आला, तर मी दिल्या. माझंच काम घेऊन तो माझ्याविरुद्ध उभा राहणार आहे. एक-दोन ठिकाणी त्याला नीट समजलेलं नव्हतं, तेही समजावून सांगितलं, कारण आपली बाजू कुणी लंगडी मांडलेली मला खपत नाही.

तर मी जातेय, फेलिक्स, एप्रिलमध्ये, स्वतःच्या रजेने. त्या चौकात उभी राहून मी लोकांना सांगणार आहे की इथे छत घालू नका. तुझं कुठे चुकतं हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून तुझी बाजूही मलाच मांडावी लागतेय. फिलोमिना आणि लिसा बरोबर येणार आहेत. पाऊस आला तर भिजू.

पण नीट ऐकून ठेव. मी तुझ्या बाजूने बोलणार आहे, तुझ्या बाजूची झालेली नाही. मला अजूनही काचच हवीय. आपला वाद संपलेला नाही, तो तू अर्ध्यात टाकून गेलास, आणि त्याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.